मला ठाऊक नव्हते

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या गारखेड्यात माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत. रस्त्यावर पणत्यांच्या पाट्या लागतात, समोरच्या घरात रंगाचे काम चाललेले असते, आणि आपल्याच घरात माळ्यावरचे डबे खाली उतरत असतात. एके काळी औरंगाबादेच्या वेशीबाहेरचे हे एक खेडे होते. आता नावात काय ते खेडे उरले आहे. शहराचेही नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. अशाच एका सकाळी डब्यांच्या गर्दीतून वाट काढीत माझा भाचा आला. त्याच्या हातात एक निळी फाईल होती. पुष्कळ वर्षांच्या अनुभवाने मला एवढे कळू लागले आहे की, फराळाच्या दिवसांत जो नातेवाईक हातात फाईल घेऊन येतो, तो केवळ फराळासाठी आलेला नसतो.

प्रकरण असे होते. शहरापासून काही अंतरावर डोंगराच्या कडेला दगडाची एक खदान आहे. काळा पाषाण, वर मुरूम, खाली भरीव खडक. खडीला मागणी पुष्कळ, रस्त्यांची कामे जोरात. खदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना एक भागीदार हवा होता. भाच्याला भागीदार व्हायचे होते. पैसे मात्र त्याच्यापाशी नव्हते. ते त्याच्या आईपाशी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीपाशी होते. जुने घर विकून आलेली रक्कम तिने बँकेत ठेवली आहे. "मामा," तो म्हणाला, "आई माझं ऐकायची नाही. तुमचं ऐकते. तुम्ही फक्त दोन शब्द बोला. माणूस ओळखीचा आहे."

त्याच्या या शेवटच्या तीन शब्दांनी माझ्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला. तेच तीन शब्द १९९१ साली मी त्याच्या आईला म्हटले होते.

ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमचे मेव्हणे अकाली वारले. अक्काच्या पदरात नऊ वर्षांचा मुलगा आणि प्रॉव्हिडंट फंडाचे लाखभर रुपये पडले. त्या काळी गावात एक वजनदार गृहस्थ होते. त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, आणि आता ते हयातही नाहीत. त्यांची दगडाची खदान होती, क्रशर होता, दारात जीप होती. अक्काने पैसे गुंतवावेत, दरमहा घरबसल्या काही येत जाईल, असे त्यांनीच सुचवले. अक्का मला म्हणाली, "तू एकदा बघून ये." मी गेलो. त्यांनी सातबाराचा उतारा माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्यांचे नाव होते. उताऱ्याची घडी पुरती उलगडलेली नव्हती. 'इतर हक्क' हा रकाना घडीच्या आत राहिला होता. तो उलगडून पाहावा असे माझ्या मनात आले. एवढेच नव्हे, तर जमीन यांची हे खरे, पण दगड काढण्याचा पट्टा कुणाच्या नावे आहे, तो किती वर्षांचा आहे, हाही प्रश्न माझ्या ओठांवर आला. इतक्यात आतून चहा आला. त्या माउलीने स्वतः आणून दिला. अशा घरात बसून अशा माणसाला कागद उलटा करून दाखवा म्हणणे मला असभ्यपणाचे वाटले. मी चहा प्यायलो, आणि चहाबरोबर तो प्रश्नही प्यायलो. घरी येऊन अक्काला म्हणालो, "माणूस ओळखीचा आहे."

दीड वर्षात सारे आटोपले. पट्टा असा कधी नव्हताच. एक तात्पुरता परवाना होता, तोही संपलेला. त्या आधारावर जेवढा दगड काढायचा त्याच्या कितीतरी पट काढून झाला होता. जमिनीवर बँकेचा बोजा होता. तो त्या घडीच्या आत सुखाने झोपलेला होता. तहसीलचे लोक आले, यंत्राला सील ठोकले, दंडाची नोटीस लागली, आणि पुढे बँकेने क्रशर नेला. अक्काचे पैसे ज्या खड्ड्यात गेले तो खड्डा मी नंतर एकदा पाहिला. पावसाचे हिरवे पाणी त्यात साचले होते आणि पोरे पोहत होती.

तेव्हापासून मी स्वतःला आणि इतरांना एकच वाक्य सांगत आलो. मला ठाऊक नव्हते. ते वाक्य खोटे नाही. शपथेवर सांगता येईल इतके ते खरे आहे. पण खरे वाक्य निर्दोष असतेच असे नाही, ही गोष्ट कळायला मला तीस वर्षे लागली, आणि अजूनही ती पुरती कळली आहे असे म्हणवत नाही.

आपला कायदाही या बाबतीत एकमुखी नाही. सद्‌भाव, किंवा कोर्टाच्या भाषेत सद्‌हेतू, म्हणजे काय, याच्या दोन व्याख्या आपल्याकडे शेजारीशेजारी नांदतात. १८९७ सालचा सर्वसाधारण वाक्यखंडांचा कायदा म्हणतो की, एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली असली की ती सद्‌भावाने केली असे समजावे, मग ती करताना हलगर्जीपणा झाला असो वा नसो. उलट १८६० चे दंडविधान म्हणत होते की, योग्य ती काळजी आणि लक्ष यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्‌भावाने केली असे म्हणताच येणार नाही. जुलै २०२४ पासून त्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण ही व्याख्या तिनेही तशीच ठेवली आहे. पहिल्या व्याख्येप्रमाणे मी सद्‌गृहस्थ ठरतो, दुसरीप्रमाणे ठरत नाही. एकाच देशातल्या दोन कायद्यांनी एकाच शब्दाला असे दोन अर्थ द्यावेत, याचे पूर्वी मला हसू येई. आता येत नाही. माझ्या मनाच्याही दोन खोल्यांत हे दोन अर्थ वेगवेगळे बिऱ्हाड करून राहिले आहेत. दिवसा मी पहिल्या खोलीत वावरतो, रात्री झोप लागेनाशी झाली की दुसऱ्या खोलीचे दार उघडते.

क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यातला जहाजमालक तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. जहाज जुने झालेले असते. ते समुद्रात सोडावे की नाही अशी शंका त्याच्या मनात येते. पण दुरुस्तीला खर्च फार. तेव्हा तो आपली समजूत घालतो की, इतक्या सफरींतून हे जहाज सुखरूप आले, ईश्वर दयाळू आहे, कारागीर उगाच भिववतात. हळूहळू त्याची खरोखरीच तशी खात्री होते. उतारू घेऊन जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे, हा माणूस दोषी आहे; त्याची खात्री प्रामाणिक असली तरीही दोषी आहे, कारण ती खात्री बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे तो म्हणतो की, जहाज सुखरूप पोचले असते तरी त्याचा दोष रतिभरही कमी झाला नसता.

हे दुसरे म्हणणे मला अधिक बोचते. समजा, ती खदान चालली असती, अक्काला दरमहा पैसे मिळाले असते, तर? आमच्या घरात माझ्या व्यवहारज्ञानाचे कौतुक झाले असते. आणि न उलगडलेली ती घडी तशीच न उलगडलेली राहिली असती.

जमिनीचा व्यवहार आणि खाणीचा व्यवहार यांत एक फरक आहे, तो येथे सांगितला पाहिजे. कारण मी स्वतः त्या वेळी तो धडपणे जाणत नव्हतो. शेत विकत घेणाऱ्याला निदान शेत दिसते. खाण घेणारा जे विकत घेतो ते त्याला दिसत नाही, आणि जे दिसते ते तो विकत घेत नाही. वरची माती एकाची आणि खालचा दगड दुसऱ्याचा, अशी स्थिती असू शकते. आमच्याकडे बहुधा तशीच असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ४८व्या कलमाप्रमाणे, सरकारने दिलेल्या सनदेतच स्पष्टपणे वेगळे काही म्हटले नसेल तर, खनिजे कोठेही सापडोत, त्यांचा हक्क राज्य सरकारचा. २०१३ साली केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निराळे सांगितले, की कायद्याने हिरावून घेतले नसेल तर भूगर्भ हाही जमीनमालकाचाच. म्हणजे प्रश्नाचे उत्तर प्रांतागणिक, सनदेगणिक बदलते. आमच्या मराठवाड्यात तर त्यावर आणखी एक थर आहे. निजामाच्या अमलातली इनामे, त्यांचे मुंतखब, उर्दूतले दफ्तर, १९५४ च्या सुमाराची खासरा पत्रके, पुढे इनामे खालसा झाली त्याची प्रकरणे, असे सारे एकावर एक रचलेले असते. बेसाल्टचे थर मोजणारा भूगर्भशास्त्रज्ञ सुखी म्हणायचा. त्याच्या थरांवर कुणी हरकत घेत नाही.

म्हणून सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्याने खदानीचे काहीच सिद्ध होत नाही. तो उतारा मुळात महसुलासाठी आहे. त्यातली नोंद खरी धरून चालायचे ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. आणि अशा नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितले असेल त्याची गणती नाही. खदानीत पैसा घालणाऱ्याने पाहायचे ते पट्ट्याचे कागद. पट्टा आहे की नुसता तात्पुरता परवाना, कोणत्या खनिजाचा, कोणत्या गटातल्या किती क्षेत्राचा, मुदत कधी संपते, स्वामित्वधन भरलेले आहे का, पर्यावरणाची परवानगी आहे का, आणि मुख्य म्हणजे या पट्ट्यात दुसऱ्याला भागी देण्याची मुभा पट्टेदाराला आहे का. शेवटचा प्रश्न कोणीच विचारीत नाही. आणि शेवटी, स्वतः जाऊन हद्दीचे दगड पाहायचे. कारण कागदावरची खदान एका गटात आणि सुरुंग दुसऱ्याच गटात, असेही घडते.

हे सारे विचारणे म्हणजे समोरच्याचा अपमान, असे आपल्याला का वाटते? मी लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजाराला जात असे. घेणारा येई, बैलाचा जबडा उघडून दात मोजी, खांद्यावरून हात फिरवी, चार पावले चालवून बघे. विकणारा रागावत तर नसेच, उलट स्वतःच बैलाची वेसण धरून जबडा उघडायला मदत करी. बैलाचे दात पाहण्यात ज्या समाजाला अपमान वाटत नाही त्याच समाजाला कागदाची घडी उलगडण्यात अपमान वाटावा, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटत नव्हते. आता वाटते, याचे उत्तर फारसे गौरवाचे नाही. बैल विकणारा आपल्या बरोबरीचा असतो. कागद ज्यांच्या हातात असतात ते बहुधा आपल्याहून मोठे असतात. माझ्या त्या सभ्यपणाच्या बुडाशी विश्वास नव्हता, भीड होती; आणि भिडेच्या बुडाशी, मोठ्या माणसाच्या बैठकीत आपल्याला खुर्ची मिळाली याचा आनंद होता. तोच चहा एखाद्या लहान दुकानदाराने दिला असता तर मी कागद उलटून पाहिला असता.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांना अशी भीड नव्हती. दुसऱ्याची वस्तू मालक नसताना विकणे, म्हणजे अस्वामिविक्रय, हे मनूच्या अठरा व्यवहारपदांपैकी एक. पण मला नवल वाटते ते याज्ञवल्क्याचे. तो फक्त विकणाऱ्याकडे बोट दाखवून थांबत नाही; घेणाऱ्याकडेही वळतो. ज्याच्यापाशी अशी वस्तू असणे संभवत नाही अशाकडून, एकांतात, अवेळी, कमी किमतीत जो घेतो, त्याला तो चोरच म्हणतो. 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणायला त्याने जागाच ठेवलेली नाही. किंमत कमी होती ना, मग तुला ठाऊक होते! ताबा आणि मालकीचा मूळ आधार यांच्या तुलनेतही तो मूळ आधाराला वरचढ मानतो; अपवाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीचा. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणात. औरंगाबाद आणि बिदर पुढे एकाच निजामी राज्यात होती. तेव्हा कागद पाहण्याची शिस्त साहेबाने आणली, हे म्हणणे खरे नव्हे. आपण ती विसरलो एवढेच.

निजामी राज्याचा विषय निघाला म्हणून त्याच राज्यातली एक गोष्ट सांगतो. १८८६ साली हैदराबाद सरकारने राज्यातली खनिजे शोधण्याचा व काढण्याचा मक्ता वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोघा इंग्रजांना दिला. त्या मक्त्यावर लंडनला हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंडांचे. या कंपनीचे बहुसंख्य भाग मक्तेदारांनी मक्त्याचे मोल म्हणून फुकटात आपल्याकडे घेतले. निजाम सरकारतर्फे बोलणी करणारा अधिकारी अब्दुल हक हाच त्या फुकट भागांत आतून वाटेकरी होता. पुढे त्याने निजाम सरकारला याच कंपनीचे भाग खरेदी करायला लावले, आणि विकले ते स्वतःच्या वाट्याचे, तेही दर्शनी किमतीहून चढ्या भावाने. बोभाटा झाला, १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या निवड समितीने चौकशी केली. आता गंमत पाहा. या प्रकरणात हक्काचा कागद अस्सल होता. मक्ता खुद्द सरकारने दिलेला होता. कोळसाही खोटा नव्हता. सिंगरेणीच्या खाणी त्याच मक्त्याखाली चालल्या. तरीही फसवणूक झाली, आणि फसले ते ज्याने मक्ता दिला तेच सरकार. आपणच फुकट दिलेली वस्तू आपणच पैसे देऊन परत घेतली. तेव्हा नुसता कागद तपासून भागत नाही. कागद पुढे करणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हेही विचारावे लागते. १९९१ साली हा दुसरा प्रश्न तर माझ्या मनातही आला नव्हता. त्या गृहस्थांना अक्काच्याच पैशाची गरज का पडावी? बँक त्यांना उभी करीत नव्हती म्हणून. हे कळायला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

पण आता उलट बाजूचे बोलतो. नाहीतर वाचकांना वाटेल, चौकशी केली की झाले. गोव्यात काय झाले? पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या खाण कायद्याखाली लोहखनिजाच्या सवलती दिल्या होत्या. त्यांवर सही होती, शिक्का होता, नकाशा होता. गोवा मुक्त झाला. १९८७ साली संसदेने कायदा करून त्या सवलती रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्या खाणपट्टे होत्या असे ठरवले. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख घालून हक्काचे रूपच पालटले. माणूस १९७५ साली झोपला तो मालकासारखा, आणि १९८७ साली उठला तो भाडेकरू म्हणून. शिवाय त्याला कळले की तो १९७५ सालीही भाडेकरूच होता. पट्ट्यांची नूतनीकरणासह सगळी मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये सांगितले. २००७ पासून २०१२ पर्यंत डिचोली-सांगे भागांत जे खणले, बार्जेसमधून मांडवी-जुवारीवरून नेले, बोटींत भरून परदेशी पाठवले, ते सगळे बेकायदा ठरले. नंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले. कोळशाचेही तसेच. १९९३ पासून दिलेली वाटपे २०१४ च्या ऑगस्टमध्ये मनमानी ठरली, आणि सप्टेंबरात २१८ पैकी २१४ रद्द झाली. त्यांत पैसा घालणाऱ्यांपाशी नामांकित वकिलांचे दाखले असतीलच की!

यावर कुणी म्हणेल की, इतके तपासूनही जर पायाखालची जमीन सरकते, तर तपासायचे कशाला? माझ्या भाच्याने हेच म्हटले. "मामा, सरकारचंच काही खरं नाही, तिथं आपण किती बघणार?" हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण आपण जरा निरखून पाहिले तर यात दोन निराळ्या अज्ञानांची मोट बांधलेली दिसते. उद्या कायदा बदलेल हे कुणालाच ठाऊक नसते. ते अज्ञान माणसाच्या वाट्याला आलेले आहे. घडीच्या आत बोजा आहे हे मला ठाऊक नव्हते. ते अज्ञान मी स्वतः राखले होते, त्याच्या तोंडावर मीच हात ठेवला होता. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याने हा भेद चांगला ओळखला आहे. जी चौकशी करायला हवी होती ती जाणूनबुजून टाळली, तर ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच होती असे तो कायदा धरून चालतो. गोव्यातही, खरे तर, या दोन जाती मिसळलेल्या होत्या. १९८७ च्या कायद्यापुढे कुणाचा इलाज नव्हता; पण वीस वर्षांची मुदत केव्हा भरते हे मोजायला बोटे पुरेशी होती.

आता मला माझ्याच घराविषयी बोलणे भाग आहे. ज्या खोलीत बसून मी हे लिहितो आहे ती दीड गुंठ्यावर बांधलेली आहे. शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडले आणि बाँडपेपरवर लिहून दिले. गारखेड्याच्या आसपास कितीतरी वसाहती अशाच वसल्या. खरेदीखत नाही, अकृषिक परवानगी नाही, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आडवा. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, २०२१ साली त्याची मुदत पुढे सरकली, तेव्हा मीही फाईल दाखल केली आणि शुल्क भरले. मी प्लॉट घेतला तेव्हा मला हे ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. मी सगळे कागद पाहिले, ते अपुरे आहेत हे समजून घेतले, आणि तरीही घेतला. कारण पुऱ्या कागदांचा प्लॉट मला परवडत नव्हता. याज्ञवल्क्याच्या कसोटीवर, किंमत कमी होती, तेव्हा माझी काय गत आहे हे मी बोलत नाही.

पण या अपुऱ्या घराची मला लाज वाटत नाही, आणि त्या खदानीची वाटते. असे का, याचा मी पुष्कळ विचार केला. येथे धोका माझा होता, आणि तो उघड्या डोळ्यांनी पत्करला होता. ज्याला वकील परवडत नाही, दफ्तरातली उर्दू वाचता येत नाही, तलाठ्याच्या दारात चार चकरा मारल्या तर चार दिवसांची मजुरी बुडते, अशा माणसाला 'तू चौकशी का केली नाहीस' असे विचारणे मला निर्दयपणाचे वाटते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते विचारता येणार नाही. चौकशीचे कर्तव्य सगळ्यांना सारखे वाटून दिलेले नाही. ते सर्वांत जड कुणावर पडत असेल, तर ज्याच्या शब्दावर दुसरा माणूस पैसे काढतो त्याच्यावर. घेणारा निदान स्वतःचे घालवतो. 'माणूस ओळखीचा आहे' असे म्हणणारा दुसऱ्याचे घालवतो, आणि त्याला काही कमिशन मिळाले नसेल तर स्वतःला उपकारकर्ताही समजतो.

लोक म्हणत, अक्का भोळी, तिने चौकशी केली नाही. मीही हे ऐकून घेत असे. पण अक्काने चौकशी केली होती. तिला ठाऊक असलेल्या जगात वाचू शकणारा, कचेरीत जाऊ शकणारा, मोठ्या माणसासमोर खुर्चीत बसू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला तिने 'तू एकदा बघून ये' म्हणून पाठवले होते. मीच तिची चौकशी होतो.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. त्याला एवढेच ठाऊक होते की, आईचे पैसे कुणीतरी बुडवले आणि मामाही त्यात फसले. तो बराच वेळ फाईलच्या दोरीशी चाळा करीत बसला. मग म्हणाला, "आईला हे माहीत आहे?" मी म्हणालो, "घडीचं? नाही." तो काही बोलला नाही. फाईल मात्र त्याने माझ्यापुढे सरकवली. मी चष्मा लावून एकेक कागद वाचला. सातबारा होता, डिजिटल सहीचा, स्वच्छ. भागीदारीचा मसुदा होता. पर्यावरणाच्या परवानगीची झेरॉक्स होती. पट्ट्याच्या जागी एक अर्ज होता; नूतनीकरणाचा, पोच मिळाल्याचा शिक्का असलेला. अर्ज म्हणजे पट्टा नव्हे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "ते म्हणतात, होऊनच जाईल." मी म्हणालो, "त्यांना तुझ्याच आईचे पैसे का लागतात, हे विचारलंस?"

संध्याकाळी आम्ही दोघे अक्काकडे गेलो. ती करंज्या भरत बसली होती. मी तिला ती १९९१ सालची घडी सांगितली, अगदी चहासकट. तिने हातातली करंजी मुडपून पूर्ण केली, ताटात ठेवली, आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुला विचारायची लाज वाटली असणार. तू लहानपणापासून तसाच." मग थोड्या वेळाने, "पण हे तू तेव्हाच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. मी इतकी वर्षं त्या बाईला शिव्या देत होते. तिनं चहा फार चांगला केला होता म्हणून तू भुललास, असं मला कुणीतरी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या कचेरीत गेलो. पट्ट्याची नक्कल मागण्याचा अर्ज त्याने आपल्या हाताने लिहिला. गट नंबर दोनदा तपासून घेतला. लिपिक सभ्य होता. त्याने अर्ज घेतला, वर तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाला की साहेब रजेवर आहेत, दिवाळी झाल्यावर या. बाहेर येताना भाच्याला खदानवाल्यांचा फोन आला. त्याने त्यांना काय सांगितले ते गाड्यांच्या आवाजात मला नीट ऐकू आले नाही.